शिल्लक कानात सांगायची असते

अक्का, बँकेनं तुझा फोटो लावलाय. मैंदर्गीच्या शाखेत, दारातून आत शिरल्या शिरल्या. चांगला माणसाच्या उंचीचा फ्लेक्स आहे. तू हिरव्या इरकलीत, कपाळावर विभूती, हातात ते अंगठ्याचं मशीन. खाली लिहिलंय, 'घराघरांत बँक पोचवणाऱ्या आमच्या महादेवीताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.'

आमच्या! आठ महिने याच शाखेनं तुझा कोड बंद ठेवला होता. ज्या नंबरावर तुझं मशीन चालायचं, ज्याच्यावर तुझी चार पैशांची कमाई होती, तो कोड. तेव्हा तू कुणाची होतीस? आणि तू गेल्यावर सिद्धाराम भावजींनी काही मदत मिळेल का म्हणून अर्ज केला, तर दोन ओळींचं उत्तर आलं की सदर महिला कमिशनवर काम करणारी प्रतिनिधी होती, बँकेची कर्मचारी नव्हती. भिंतीवर आमच्या आणि कागदावर कुणाची नाही. एक हार, एक शाल आणि हा फ्लेक्स. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कापड चांगलं हाय, शेळीच्या खोपटावर घालाय येतंय." मला नाही येत असं बोलायला. मला फक्त राग येतो.

तू जाऊन आज दोन महिने झाले. राग उतरेल, मग लिहीन, असं ठरवलं होतं. तो उतरत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी मैंदर्गीला अधिकारी म्हणून आले तेव्हा मला वाटत होतं, मी गरिबांचं भलं करायला आलेय. प्रत्येक गावातल्या बचत गटातून एक बाई निवडायची, तिला मशीन द्यायचं, म्हणजे बायाबापड्यांना पेन्शनसाठी, मजुरीच्या पैशांसाठी शाखेत यावं लागणार नाही, अशी ती 'बँक सखी' योजना. तू आणखी दोघींबरोबर आली होतीस. मी भाषण ठोकलं. घरटी एक खातं, प्रत्येकीच्या हातात कार्ड, सावकाराचं नाव पुसलं जाईल, वगैरे. बाकीच्या दोघी माना डोलवत होत्या. तू मात्र कानडी वळणाच्या मराठीत विचारलंस, "म्याडम, ते समदं खरं. पन बाई ब्यांकेत आली तर बसायचं कुटं?"

मी इकडेतिकडे बघितलं. साहेबांच्या केबिनसमोर तीन खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर दोन व्यापारी आणि एक ट्रॅक्टरवाला बसले होते. बायका बाहेर पायरीवर होत्या आणि वॉचमन त्यांना सरकवत होता. मला तुझा राग आला. मी म्हटलं, "बाकड्यांचं काम माझ्याकडे नाही."

"मग कुनाकडं हाय, तेवढं सांगा. त्यास्नी इचारते."

पंधरा दिवसांत मी शाखेत दोन बाकडी आणवली. केवळ तुझं तोंड बंद करायला. पुढची नऊ वर्षं ते बंद झालं नाही, आणि आता झालंय तर ती शांतता मला ऐकवत नाही.

तुझ्या गावी पहिल्यांदा तुझं काम बघायला आले तो दिवस आठवतो. शाळेमागच्या चढावरच नेटवर्क यायचं म्हणून तू तिथं लिंबाखाली सतरंजी टाकली होतीस. नागव्वा आली होती, सत्तरी ओलांडलेली, जन्मभर दुसऱ्याच्या रानात भुईमूग उपटलेली. तिच्या अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. मशीन दर वेळी नाही म्हणायचं. तू तिचा हात धुतलास, पदरानं पुसलास, फुंकर मारलीस, दुसरं बोट लावलंस, परत पहिलं लावलंस. अर्धा तास गेला. मागं रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही. शेवटी मशीननं अंगठा घेतला. नागव्वाचा मुलगा शेजारीच उभा होता. तिनं विचारलं, "एष्ट ऐती?" किती आहेत म्हणून. मुलगाही मान पुढं करून बघायला लागला.

तू मशीन छातीशी धरलंस, तिच्या कानाला तोंड लावलंस आणि आकडा सांगितलास. मुलगा म्हणाला, "आम्हाला बी कळू दे की."

"तुजं खातं हाय का? मग तुजा अंगठा लाव, तुज्या कानात सांगते."

सगळी रांग हसली. मी नाही हसले. मला माझी आई आठवली. आमचं घर सोलापुरात पूर्व भागात. आई विड्या वळायची आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोस्टात जायची. तिला वाचता यायचं नाही. रांगेतल्या कुणाला तरी विचारायची, किती आहेत बघा हो, आणि तो माणूस मोठ्यानं वाचायचा. सगळ्या रांगेला कळायचं. घरी येईपर्यंत वडलांनाही कळलेलं असायचं आणि रात्रीच्या जेवणाआधी ते पैसे संपलेले असायचे. बँकेच्या परीक्षा दिल्या, प्रशिक्षणं झाली, पुस्तकं वाचली. गरिबाच्या पैशाला पडदा हवा असतो, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. तू सतरंजीवर बसून शिकवलंस.

हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं, तुझ्या अंगणात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाताना. तू माझ्या ताटात आणखी एक भाकरी मोडून टाकलीस आणि म्हणालीस, "आता म्याडम न्हाय म्हननार. तू माजी तंगी." मी दचकले. आमच्या मराठीत तंगी म्हणजे पैशांची ओढाताण. तुझ्या कानडीत धाकटी बहीण. बँकेच्या अधिकाऱ्याला तंगी म्हणून हाक मारणारी जगात तू एकटीच. शाखेत फोनवर तुझा आवाज बाहेर ऐकू जायचा, "तंगी हाय का?" आणि कॅशियर म्हणायचा, "हाय की, इथं तंगी कायमचीच हाय."

अक्का, आता त्या मार्चवर येते. नऊ वर्षं आपण सगळ्यावर भांडलो, आणि त्या मार्चवर एक शब्द बोललो नाही.

बँकेत मार्च महिना आला की माणसं माणसांत राहत नाहीत. त्या वर्षी एका विमा कंपनीचा टाय घातलेला माणूस शाखेतच टेबल टाकून बसला होता. शाखेनं किती पॉलिसी खपवायच्या, याचा आकडा दिला होता. साहेब म्हणाले, "सखींना लावा कामाला. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे." मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन तुझ्याकडे आले. तू अंगणात ज्वारी पाखडत होतीस.

"तंगी, हे काय हाय?"

"यात बचतही होते आणि विमाही मिळतो, अक्का. चांगलं आहे."

"पैसं मधीच लागलं तर? मिळतेत की न्हाय?"

"मिळतात."

"लगीच?"

"हो गं, लगेच."

मी तो कागद वाचला नव्हता. सोळा पानं, बारीक अक्षर, इंग्रजी. तू तो हातात धरून उभी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. तुला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तू माझा चेहरा वाचत होतीस. आणि माझा चेहरा खोटं बोलत नव्हता, कारण मलाच ठाऊक नव्हतं. त्या वेळी मला वाटायचं, ठाऊक नसणं म्हणजे निर्दोष असणं. ठाऊक करून घेण्याचाच तर मला पगार मिळत होता.

तुझ्या शब्दावर सव्वीस बायकांनी अंगठे दिले. कुणी शेळी विकून आलेले पैसे घातले, कुणी गटाचे दिवाळीला वाटलेले. नागव्वानं सहा हजार घातले, घरावर पत्रे टाकायला साठवलेले. वर्षभर ठेवू, थोडे वाढतील, मग पत्रे आणू, असा तिचा हिशोब. शाखेचा आकडा पूर्ण झाला. मला एका समारंभात काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. अजून माझ्या कपाटात आहे. आईनं ते देवाजवळ ठेवलं होतं, मी तिथून उचललं.

पुढच्या वर्षी नागव्वा पत्र्यांचे पैसे काढायला तुझ्याकडे आली, तेव्हा काहीच निघेना. त्या योजनेतून पाच वर्षं पैसा हलवता येत नव्हता. उलट दुसऱ्या वर्षाचा हप्ता तिच्या साठलेल्या पेन्शनमधून आपोआप कापून गेला होता. तुला वाटलं अंगठा उमटत नाही. तू तिचा हात तीनदा धुतलास. मग एकेक करून बाकीच्या आल्या. कुणाच्या खात्यातून दुसरा हप्ता गेला होता आणि जिच्या खात्यात हप्त्याएवढी शिल्लक नव्हती, तिची पॉलिसी बंद पडून पहिले पैसे अडकून बसले होते.

तू शाखेत आलीस. एकटी. मी माझ्या टेबलाशी होते. टायवाला कधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. साहेबांनी तुला खुर्ची दिली नाही.

"अंगठा कुणी केला? त्यांनीच ना? आणि अंगठे घेतले कुणी? तुम्हीच ना?"

"म्या घेतलं. पन ब्यांकेनं सांगितलं तसंच सांगून घेतलं."

"बँकेनं? बँक बोलते का? कोण बोललं तुमच्याशी?"

तू माझ्याकडे वळलीस. आवाज चढवला नाहीस. "तंगी, तू सांग. म्या तुला काय इचारलं हुतं, आनि तू काय म्हनलीस?"

सगळी शाखा थांबली होती. कॅशियरनं नोटा मोजायच्या थांबवल्या. साहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या बढतीचे कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये होते.

मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही, अक्का."

तू पुढं काही विचारलं नाहीस. पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केलास आणि निघून गेलीस. तू मला हाक मारायला हवी होतीस. टेबलावरचे कागद उधळायला हवे होतेस. खोटारडी म्हणायला हवं होतंस, चारचौघांत, कानडीत, मराठीत, जमेल त्या भाषेत. सरकवणाऱ्या वॉचमनशी भांडलीस, तलाठ्याशी भांडलीस, नागव्वाच्या मुलाशी भांडलीस, आणि माझ्या वेळी गप्प बसलीस. का? याचा मला आजही संताप येतो. मला तुझ्या भांडणाच्याही लायकीचं ठेवलं नाहीस का?

नंतरचं मला इतरांकडून कळलं. तू सव्वीस जणींना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलंस आणि उभी राहून सांगितलंस, "चूक माजी हाय. म्या न वाचता अंगठं घेतलं." माझं नाव नाही. बँकेचं नाव नाही. मग व्हायचं ते झालं. अक्कानं कमिशन खाल्लं, असं बोलायला लागले. तुझ्या सतरंजीकडे कुणी फिरकेना. भावजी म्हणाले, सोड हे मशीन, कोंबड्या पाळू. तू म्हणालीस, "कोंबड्या नंतर. आधी हे."

मी तोवर बढती घेऊन सोलापूरला मोठ्या ऑफिसात आले होते. एक दिवस तू एसटीनं आलीस. ऑफिसात वर आली नाहीस. खालच्या चहाच्या टपरीवरून फोन केलास. तुझ्याकडे प्लास्टिकची फाइल होती, सव्वीस जणींचं म्हणणं तू मोडक्यातोडक्या मराठीत लिहून आणलं होतंस, प्रत्येकीच्या नावाखाली तिचा अंगठा. "बँकेच्या वरबी कोन तरी तक्रार ऐकून घेतो म्हनं, लोकपाल. त्याला पाठवायचं हाय. तू नीट मराठीत लिवून दे."

मी लिहिलं. चार पानं. इतकं चांगलं पत्र मी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. 'आम्हास असे सांगण्यात आले की रक्कम केव्हाही काढता येईल' या वाक्याशी येऊन माझं पेन थांबलं. कुणी सांगितलं, ते लिहायला हवं होतं. तू चहा बशीत ओतत होतीस. वर न बघता म्हणालीस, "'ब्यांकेतनं सांगितलं' असं लिव. फुडं चल."

मी पुढं चालले. मी पुढंच चालत राहिले, अक्का. तुझ्या चहाचे पैसे दिले आणि मला वाटलं, मी मदत केली.

सुनावणीला तू गेलीस. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. "सायेब लई चांगलं हुतं. समदं वाचून आलं हुतं. मला इचारलं, नेमकं कोनच्या अधिकाऱ्यानं सांगितलं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनलं, नक्की आठवत न्हाय."

मग विचारलंस, "आईच्या गुडघ्याचं कसं हाय?"

ती दया होती की चपराक? माझेच शब्द मला जसेच्या तसे परत दिलेस, ते माझी नोकरी वाचवायला, की मला जन्मभर झोप लागू नये म्हणून? त्यानंतर तीन वर्षं आपण शेकडो वेळा बोललो. पाऊसपाणी, तूर, तुझ्या मुलीचं नर्सिंग, माझ्या आईचे गुडघे. हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तूही उत्तर दिलं नाहीस. आता मी कुणाला विचारू? फ्लेक्सला?

पैसे मिळाले. सव्वीसच्या सव्वीस जणींना, पहिल्या हप्त्यापासून. सोबत एक पत्र, की बँकेची कोणतीही चूक नसताना केवळ सदिच्छा म्हणून रक्कम परत करण्यात येत आहे. नागव्वाच्या घरावर पत्रे चढले. आणि पुढच्याच महिन्यात तुझा कोड बंद झाला. प्रशासकीय कारण. तुझ्या गावच्या म्हाताऱ्यांना आता पेन्शनसाठी जीपनं मैंदर्गीला यावं लागायचं. भाडं जायचं, दिवसाची मजुरी बुडायची. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना रिक्षात आडवं घालून आणलं आणि शाखेच्या दारात रिक्षातच त्यांचा अंगठा घेतला. त्यांच्या घरी तू दर महिन्याला स्वतः जायचीस, वाटेत त्यांची तंबाखूही घेऊन.

तुझ्या कोडची फाइल माझ्याच मजल्यावर होती, चार टेबलं सोडून. तू विचारलंस की मी म्हणायचे, "पाठपुरावा करते." आम्ही लोक काही करायचं नसलं की हा शब्द वापरतो.

शेवटी केलं ते तुझ्या सव्वीस जणींनी. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, त्या शाखेत एका रांगेत उभ्या राहिल्या. पैसे काढायचे नाहीत, भरायचे नाहीत. प्रत्येकीला फक्त शिल्लक विचारायची होती. पहिली नागव्वा. कॅशियरनं काचेमागून आकडा सांगितला, तशी ती म्हणाली, "मोट्यानं न्हाय. कानात."

"आज्जी, काच आहे मध्ये. कानात कसं सांगू?"

"मग भाईर ये की. आमची अक्का येत हुती."

तो बाहेर आला. एकदा, दोनदा, पाचदा. मागं व्यापाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. दुपारपर्यंत साहेबांनी सोलापूरला तीन फोन केले. चौथ्या दिवशी तुझा कोड सुरू झाला. आमच्या ऑफिसात हा किस्सा सगळ्यांनी हसून सांगितला. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नागव्वाला जे एका सकाळी जमलं, ते मला आठ महिन्यांत जमलं नव्हतं.

आणि एवढं सगळं करून तू काय केलंस? डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तुला सांगितलं होतं की बीपी फार आहे, गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. मी फोनवर विचारायचे, गोळी घेतलीस? "व्हय की." त्या सकाळी तू पाण्याची घागर उचलताना अंगणात पडलीस. सोलापूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. डोक्यात रक्त साचलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आले. भावजींनी तुझी कामाची पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाले, "म्याडम, जरा धरा, मी औषधं घेऊन येतो." मी ती उघडली. मशीन, पावतीच्या कागदाची भेंडोळी, हात पुसायचा नॅपकिन, आणि तळाशी गोळ्यांची सहा पाकिटं. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

अक्का, मी त्या व्हरांड्यात तुला शिव्या घातल्या. मनातल्या मनात नाही, तोंडानं. शेजारचा माणूस उठून गेला. सगळ्या गावाचे हयातीचे दाखले तू काढून दिलेस, कुणाची पेन्शन अडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या खाटेशी गेलीस. आणि स्वतःच्या बाबतीत एवढी कंजूष! सत्तेचाळीस वर्षांची होतीस तू. तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं.

दिवसकार्य झाल्यावर मी तुझ्या गावी गेले. बायका शाळेच्या व्हरांड्यात जमल्या होत्या. मला कुणी बोल म्हटलं नव्हतं. मी उभी राहिले आणि सांगितलं. की पैसे लगेच मिळतात, हे अक्काला मी सांगितलं होतं. की मी कागद वाचला नव्हता. की शाखेत तिनं विचारल्यावर मी आठवत नाही म्हणाले, आणि मला लख्ख आठवत होतं.

मग नागव्वा काठी टेकत उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कानडीत सुरू झाली. मला सगळं कळलं नाही. "नाचिकी बरूदिल्लेन?" एवढं कळलं, लाज वाटत नाही का. बाकीचं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. चांगली दहा मिनिटं ती बोलत होती आणि मी ऐकत होते. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला रागावलं. मला इतकं बरं वाटलं की मी रडायला लागले.

तशी ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "रडाय आलीयास का कामाला?"

"कामाला."

"मग सांग. आमच्यात नवी बाई कवा देनार? कानडी येनारी पायजे. आनि मशीन दुकानदाराला द्याचं न्हाय."

त्यांना माझ्या कबुलीचं काहीच करायचं नव्हतं. त्यांना पुढच्या महिन्याची पेन्शन घ्यायची होती.

मी ऑफिसात विचारलं. नवीन धोरण असं आहे की मशीन गावातल्या किराणा दुकानात ठेवायचं. सोपं पडतं. मी म्हटलं, तुझ्या गावातलं दुकान म्हणजे जिथं निम्म्या गावाची उधारी आहे. तिथं कुणाची किती शिल्लक आहे हे दुकानदाराच्या डोळ्यांसमोर येणार आणि तो आधी आपली उधारी कापणार. आमचे इथले साहेब म्हणाले, "लेखी द्या." मी लेखी दिलं. तिथं बाईच का हवी, हे सांगताना त्या मार्चमध्ये काय झालं तेही लिहिलं. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, कुणी नंतर नाकारलं. माझ्या नावानिशी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि समजावलं. "मॅडम, प्रकरण मिटलंय. हा परिच्छेद काढून टाका. बाकीचं मी बघतो."

तो परिच्छेद तिथंच आहे. नव्या बाईचं अजून काही ठरलेलं नाही, आणि मी दर सोमवारी विचारते. त्यांना माझा कंटाळा येईल तोवर विचारीन.

परवा मला नोटीस आली. त्या मार्चमधल्या गैरवर्तनाबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, याची कारणे दाखवा. सात दिवसांची मुदत. भावजींना सांगितलं तर ते घाबरले, म्हणाले, "कशाला म्याडम, आता ती बी गेली." आईनं फक्त विचारलं, पगार बंद होईल का? मी म्हटलं, होऊ शकतो. ती म्हणाली, मला अजून विड्या वळता येतात.

काल उत्तर लिहायला बसले. पहिलं वाक्य तुझ्या नावानं सुरू झालं आणि ते त्या कागदावर मावेना. म्हणून आधी तुला हे लिहिलं.

तू मला कधी कारण विचारलं नाहीस, अक्का. त्यांनी विचारलंय. ते मोठं काही नाही, एका ओळीत मावतं, आणि उद्या ऑफिसच्या कागदावर मी तेच लिहिणार आहे. मी घाबरले होते.